जोडीची शेळी मारकी झाली तर

कुणाची धार काढून झाली असेल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल. आजचा विषय आपल्या गोठ्यातलाच आहे. दोन शेळ्या, दोन्ही माद्या, वर्ष-दोन वर्षं एका दाव्याला राहिलेल्या, एकमेकींना टेकून बसणाऱ्या. आणि एक दिवस अचानक एक दुसरीच्या जिवावर उठते. ढुशा मारते, गव्हाणीला येऊ देत नाही, कोपऱ्यात दाबून धरते. अशा वेळी आपण काय करायचं, ते आज बोलू.

हा विषय घ्यायला कारण घडलं. एका ताईंनी फोन करून विचारलं, “माझ्या दोन्ही शेळ्या एका आईच्या, जुळ्या. पाटी होत्या तेव्हापासून एकत्र आहेत. आठ दिवस झाले, थोरली धाकटीला पोटात ढुशी मारते. घरचे म्हणतात, मारकी झाली, येत्या बाजाराला काढून टाक. काय करू?”

ताई, तुम्हाला आणि तुमच्यासारख्या सगळ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की आधी बाजार नको. आधी कारण शोधा. शेळी उगाच मारकी होत नाही. तिच्या अंगात काहीतरी बदललेलं असतं, नाहीतर गोठ्यात काहीतरी बदललेलं असतं. तिला बोलता येत नाही, म्हणून ती शिंगानं सांगते. कारण सापडलं तर बहुतेक वेळा जोडी पुन्हा नीट होते. आणि घाईनं विकली तर नुकसान आपलंच. व्यापाऱ्याला बाईची अडचण लगेच कळते. “मारकी आहे का?” म्हणून तो भाव पाडतो. त्यात शेळी गाभण असली, तर पोटातली करडंही आपण त्याच भावात देऊन बसतो. आपल्यातल्या कितीतरी जणींनी शेळी गटाच्या कर्जातून घेतली आहे. हप्ता तिच्या करडांवर फिटायचा असतो. मुलीची फी, दवाखाना, सणाचं लुगडं, सगळं तिच्या जिवावर. म्हणून रागाच्या भरात तिचा निकाल लावायचा नाही.

आता पहिली गोष्ट. कुठलं भांडण साधं आणि कुठलं धोक्याचं, हे ओळखायला शिकू. शेळ्यांच्या कळपात मानपान असतो. कुणी आधी खायचं, कुणी उंच जागेवर बसायचं, हे त्यांचं ठरलेलं असतं. वयानं मोठी, अंगानं भरलेली, शिंगं मोठी असलेली शेळी बहुतेक वेळा वरचढ असते. हा मान ठरवायला त्या अधूनमधून टकरी घेतात. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, मागच्या पायांवर उठतात, डोक्याला डोकं लावतात, आणि मग एक बाजूला होते. थोड्या वेळात दोघी पुन्हा चरायला लागतात. हे साधं भांडण. यात आपण पडायचं नाही. आपण मध्ये पडलो तर त्यांचं ठरायचं राहून जातं आणि भांडण लांबतं.

धोक्याचं भांडण वेगळं दिसतं. एकच शेळी सारखी मारते आणि दुसरी सारखी पळते. मार डोक्यावर बसत नाही, बरगडीत, पोटात, कासेवर बसतो. मारणारी शेळी दुसरीचा कान चावते. दुसरी हरली, बाजूला झाली, तरी ही तिचा पाठलाग सोडत नाही. मार खाणारी गव्हाणीकडे फिरकत नाही, पाणी पीत नाही, पोट खपाटीला जातं, दूध आटतं. यातलं काही दिसलं की त्याच दिवशी हालचाल करायची. आणि मार खाणारी गाभण असेल, त्यातही शेवटच्या दीड-दोन महिन्यांत असेल, तर थांबायचंच नाही. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा. शेवटी शेवटी पोटात जोराची ढुशी बसली तर ती गाभडू शकते.

भांडण चालू असताना काय करायचं? मध्ये हात घालायचा नाही. शिंगं धरायला जायचं नाही, बोटं दोन डोक्यांच्या मध्ये सापडतात. लहान मुलांना आधी लांब करायचं. मग पत्र्याचा डबा वाजवा, मोठ्यानं हाकारा, नाहीतर तांब्याभर पाणी तोंडावर मारा. दोघी क्षणभर दचकतात. तेवढ्यात मध्ये फळी, बांबूची ताटी, बाज, जे हाताला येईल ते आडवं धरा आणि एकीला बाहेर काढा. काठीनं मारू नका. ज्या शेळीला आधीच भीती किंवा दुखणं आहे, ती माराने आणखी बिथरते. आणि काठी नेमकी पोटावर बसली तर जे नुकसान टाळायला गेलो तेच आपल्या हातून होतं.

आणखी एक. एक शेळी बांधलेली आणि दुसरी मोकळी, असं कधीही ठेवू नका. बांधलेलीला पळता येत नाही. मोकळी तिला हवं तसं मारते, आणि दाव्याचा फास बसून जीव जायची भीती वेगळीच. ठेवायच्या तर दोघी मोकळ्या, नाहीतर दोघी एकमेकींचं शिंग पोचणार नाही इतक्या लांब बांधा.

वेगळ्या केल्या की दोघींचं अंग तपासायचं. दोघींचं म्हणते मी. आपण मार खाल्लेलीला बघतो आणि मारणारीला शिव्या देतो. पण पुष्कळदा दुखणं मारणारीलाच असतं. शिंगाचं मूळ बघा, डोळे बघा, कान आत-बाहेर बघा. कास हातात धरून बघा. गरम, घट्ट लागली, दुधात गाठी किंवा रक्त आलं, तर ती कासदाहाची खूण. खुरं उलटी करून बघा. वाढलेली आहेत का, बेचक्यात जखम आहे का, घाण वास येतो का. गोचीड, उवा, केसाखाली जखमेत अळ्या आहेत का. दुखऱ्या कासेला दुसरीचा नुसता धक्का लागला तरी शेळी उसळते. लंगडणारी शेळी भीतीपोटी आधीच मारून घेते, दुसरीनं जवळ येऊच नये म्हणून. दुखणं बरं झालं की भांडण आपोआप मिटतं.

जखम लहान असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवा, जखमेवर लावायचं औषध लावा, माशी बसू देऊ नका. शिंग मोडून रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा आणि डॉक्टरांना बोलवा. शिंगाच्या आत जिवंत हाड आणि रक्तवाहिन्या असतात, म्हणून घरी करवतीनं शिंग कापायचं धाडस कुणी करू नका. टोकं बोथट करायची असतील तर डॉक्टरांकडूनच करून घ्या. खोल जखम झाली तर धनुर्वाताबद्दल त्यांना आठवणीनं विचारा. शेळीला धनुर्वात होतो.

आता एक गोष्ट मी जरा सावकाश सांगते, नीट ऐका. शेळी एकाएकी मारकी झाली, दिसेल त्याच्यावर धावून जाते, माणसावर, भिंतीवरसुद्धा. आवाज बदललाय, घोगरा झालाय, सारखी ओरडते. तोंडातून लाळ गळते, पाणी-चारा गिळता येत नाही, चालताना तोल जातो. असं दिसलं तर हे शेळ्यांचं भांडण समजू नका. ती पिसाळलेली असू शकते. मागच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कुत्रं, कोल्हा, मुंगूस चावलं होतं का, आठवून बघा. चावलेलं आपल्याला दिसलंच असेल असंही नाही. “घशात काहीतरी अडकलंय” म्हणून तिच्या तोंडात हात घालू नका. मुलांना, म्हाताऱ्यांना जवळ जाऊ देऊ नका. तिला वेगळं कोंडा आणि डॉक्टरांना कळवा. तिची लाळ कुणाच्या हातावरच्या चिरेला, खरचटलेल्या जागेला लागली असेल किंवा ती कुणाला चावली असेल, तर ती जागा नळाच्या किंवा ओतत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही भरायचं नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. ती तिथे मोफत मिळते. हा रोग एकदा अंगात उठला की माणूस वाचत नाही, म्हणून इथे “उद्या बघू” नाही.

तसंच शेळी एकाच बाजूला गोल गोल फिरते, मान वाकडी धरते, डोकं भिंतीला टेकून उभी राहते, हेही मेंदूच्या आजाराचं लक्षण आहे. तेही डॉक्टरांचंच काम. गावात पशुसखी असेल तर तिला आधी हाक मारा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.

दुखणं नाही, पिसाळलेली नाही, मग काय? मग बाकीची कारणं एकेक करून बघायची.

पहिलं, माज. शेळी साधारण १८ ते २१ दिवसांनी माजावर येते आणि माज एक-दोन दिवस टिकतो. त्या दिवसांत ती सारखी ओरडते, शेपटी हलवते, चाऱ्याकडे लक्ष नसतं, दुसऱ्या शेळीवर चढते. जिच्या अंगावर चढते तिला ते आवडत नाही, आणि मग जुंपते. हे ओळखायचा सोपा मार्ग आपल्या हातात आहे. आपण गटाच्या वहीत पै-पैचा हिशेब लिहितो ना? तशी शेळीची एक वही करा. भांडण झालं की तारीख लिहा. दर तीन आठवड्यांनी भांडण होतंय असं दिसलं, तर ते माजाचं भांडण. तेवढे दोन दिवस तिला वेगळं ठेवा, फळवायची असेल तर बोकड दाखवा. माज गेला की ती पुन्हा शहाणी. पण एखादी शेळी महिनाभर सारखीच माजावर असल्यासारखी वागते, बोकडासारखी सगळ्यांवर चढते, मारते, आणि गाभही राहत नाही, असं असेल तर तिच्या बीजांडावर पाण्याची गाठ असू शकते. त्यावर डॉक्टर इलाज करतात. अशा शेळीला “वांझ आहे, मारकी आहे” म्हणून हिणवण्याआधी एकदा तपासून घ्या.

दुसरं, बाळंतपण. व्यायला झालेली शेळी एकांत मागते. कोपरा धरते, तिथे दुसरी आली की मारते. व्याली की करडाचा वास तिच्या नाकात बसतो, आणि ती त्या करडासाठी जिवाभावाच्या जोडीदारणीलाही ओळख देत नाही. दुसरीचं करडू चुकून प्यायला आलं तर त्याला उडवून लावते. हा राग नाही, हे आईपण आहे. आपण काय करायचं, तर व्यायच्या दोन-तीन आठवडे आधी तिला ताटीनं आडोसा करून वेगळा कोपरा द्यायचा. पण असा, की ताटीतून दुसरी दिसली पाहिजे. व्याल्यावर आठ-दहा दिवस ती आणि तिची करडं तिथेच राहू द्या. फोन केलेल्या ताईंना मी हेच विचारलं, की मारणारी गाभण आहे का? त्या म्हणाल्या, “हो, पंधरा-वीस दिवसांवर आली आहे.” म्हणजे थोरली मारकी झाली नव्हती. ती जागा मागत होती. आणि तीच शेळी येत्या बाजाराला निघाली होती.

तिसरं, ताटातूट आणि वास. शेळी शेळीला नजरेनं ओळखते, आवाजानं ओळखते आणि वासानंही ओळखते. एक शेळी चार दिवस दवाखान्यात किंवा पाहुण्यांकडे राहून आली, तिला गोचिडाच्या औषधानं धुतलं, जखमेला उग्र वासाचं औषध लावलं, की घरची तिला परकी समजते. शिवाय ती नव्हती तेव्हा तिची जागा दुसरीनं घेतलेली असते. आता परत आली म्हटल्यावर मानपान पुन्हा ठरायचा. म्हणून गोचिडाचं औषध लावायचं तर सगळ्यांना एकाच दिवशी लावा. वासही सगळ्यांचा सारखाच होतो, आणि गोचीडही एकीवरून दुसरीवर जात नाहीत.

चौथं, नवीन शेळी. बाजारातून तिसरी आणली की जुन्या दोघींची घडी विस्कटते. नवीन शेळी तशीही दोन-तीन आठवडे वेगळीच ठेवायची, रोगराई आत येऊ नये म्हणून. त्या काळात मध्ये ताटी असली तर ओळखही होते. आणि शक्य असेल तर एक आणण्यापेक्षा दोन एकत्र आणा. एकटी आली की सगळा मार तिलाच.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घरांत हेच असतं, ते म्हणजे अडचण आणि उपास. चारा कमी, गव्हाण लहान, छप्पर गळकं. उन्हाळ्यात हिरवं संपलं की भांडणं वाढतात, पावसाळ्यात कोरडी जागा कमी पडली की वाढतात. तेव्हा आधी फूटपट्टी काढा. मोठ्या शेळीला छपराखाली १० ते १५ चौरस फूट जागा लागते, आणि बाहेर कुंपणात मोकळी जागा त्याच्या दुप्पट. गव्हाणीवर एका शेळीला एक ते दीड फूट रुंदी हवी, शिंगं मोठी असतील तर त्याहून जास्त. एवढी नसेल तर शेळी मारणारच.

पैसे घालून गोठा मोठा करणं सगळ्यांना जमणार नाही, हे मला माहीत आहे. पण बिनपैशाच्या चार गोष्टी आज संध्याकाळी करता येतील. चारा एकाच ठिकाणी टाकू नका. सुबाभूळ, शेवरी, दशरथ घास, जे असेल त्याच्या लहान पेंढ्या बांधून चार ठिकाणी लांब लांब टांगा. दोन शेळ्या असतील तर तीन ठिकाणी. एकीनं हुसकलं तर दुसरीला तिसरी जागा राहते. पाण्याची घमेली दोन ठेवा, दोन टोकांना. खुराक, म्हणजे भरडा, चुनी, पेंड, प्रत्येकीला वेगळं बांधून वेगळ्या भांड्यात द्या. एकत्र टाकला तर वरचढ शेळी दोघींचा खाते. त्यानं एकीचं पोट बिघडतं, फुगतं, धान्य जास्त झालं तर जीवही जातो, आणि दुसरी उपाशी राहते. आणि चौथी गोष्ट, गोठ्यात दोन-तीन मोठे दगड, जुना ओंडका, फळ्यांचा ओटा असं काही ठेवा. शेळीला उंचावर बसायला आवडतं, आणि मार चुकवायला आडोसा मिळतो. जिथून बाहेर पडता येत नाही असा अडगळीचा कोपरा मात्र बंद करा. मार तिथेच बसतो.

बरं, वेगळ्या केल्या. आता पुन्हा एकत्र कशा आणायच्या?

वेगळ्या केल्या म्हणजे एक या गावाला आणि एक त्या गावाला, असं करायचं नाही. शेळी कळपातला जीव आहे. एकटी पडली की ओरडून ओरडून चारा सोडते. आणि आठ-पंधरा दिवस दिसलीच नाही, तर परत आल्यावर भांडण पहिल्यापासून. म्हणून मध्ये ताटी किंवा जाळी, आणि दोघी एकमेकींना बघू शकतील, हुंगू शकतील अशा. शिंग मात्र पलीकडे जाता कामा नये, डोकं अडकता कामा नये. दोन-तीन दिवसांनी एकीच्या खालचा पालापाचोळा, पोतं दुसरीकडे टाका, दुसरीचं हिच्याकडे. वास एकमेकींत मिसळतो. ताटीच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ, चारा टाका. शेजारी शेजारी खायला लागल्या, ताटीला ढुशा मारणं थांबलं, की समजा वेळ आली.

एकत्र आणायच्या त्या गोठ्यात आणू नका. गोठा म्हणजे एकीचं घर झालेलं असतं. माळावर न्या, बांधावर न्या, जिथे दोघींची मालकी नाही. आधी दोघींना पोटभर चारा-पाणी द्या. उपाशी शेळ्या भेटवल्या तर पहिल्या घासावरून जुंपेल. सकाळची वेळ निवडा, म्हणजे दिवसभर डोळा राहील. संध्याकाळी एकत्र करून रात्री दार लावून झोपायचं नाही. दोन-चार दिवस नुसतं एकत्र चरायचं, रात्री पुन्हा ताटी. डोक्याला डोकं लागेल, लागू द्या. पोटाला शिंग लागलं तर ताटी आणखी चार दिवस. घाई नको. काही जोड्या दोन-तीन दिवसांत जुळतात, काहींना दोन-तीन आठवडे लागतात. दोघी पुन्हा शेजारी बसून रवंथ करताना दिसल्या की ताटी काढा. पण ती जाळू नका, सांभाळून ठेवा. पुढच्या बाळंतपणाला लागेलच.

आता थोडं आपल्या गटाबद्दल. पुष्कळ ठिकाणी दोघी-तिघी मिळून एक शेड करतात, किंवा जावा-जावांच्या शेळ्या एका अंगणात असतात. शेळ्यांचं भांडण मग बायांचं भांडण होतं. मी एक उदाहरण सांगते, गाव सांगत नाही. एका शेडमध्ये एकीच्या शेळीनं दुसरीच्या गाभण शेळीला मारलं. चार दिवसांनी ती गाभडली. झालं. “तुझ्या शेळीनं माझं नुकसान केलं,” म्हणून एकीनं बोलणं टाकलं, बैठकीला येणं टाकलं, पाठोपाठ हप्ताही थांबला. पुढे महिन्याभरात त्याच शेडमधली आणखी एक शेळी गाभडली, जिला कुणी मारलंच नव्हतं. तेव्हा कुठे डॉक्टरांना बोलावलं, रक्त तपासलं, आणि संसर्गाचा आजार निघाला. ढुशीचा संबंध नव्हता. पण तोवर दोन बायांमध्ये भिंत उभी राहिली होती, आणि आजार शेडभर फिरला होता.

म्हणून शेळी गाभडली की कुणावर आळ घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. गाभडण्याचे काही आजार माणसालाही लागतात. पडलेलं करडू, वार, घाण उघड्या हातानं उचलू नका. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा. डॉक्टरांनी बघितल्यावर ते खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांना ओढू देऊ नका. घरात गरोदर लेक-सून असेल तर तिला त्या कामाला अजिबात लावू नका. आणि शेळीचं दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका, लहान मुलांना तर नकोच.

दुसरं असं, की शेळ्या एकत्र ठेवण्याआधीच गटाच्या बैठकीत बोलून घ्या आणि ठरावाच्या वहीत लिहून ठेवा. जखम झाली तर डॉक्टरांचा खर्च कोण देणार? निम्मा-निम्मा की दोन्ही घरांनी मिळून साठवलेल्या पैशातून? गाभण शेळीला वेगळा कोपरा कोण करून देणार? चारा कुणी कधी घालायचा? भांडण व्हायच्या आधी हे विचारलं तर कुणाला राग येत नाही. झाल्यावर विचारलं तर प्रत्येक शब्द टोचतो. शेळीचा विमा काढला असेल तर कानातला बिल्ला जागेवर आहे ना, हेही बघत चला. टकरीत कान फाटून बिल्ला पडतो, आणि पुढे दावा करताना तोच लागतो. पडला तर लगेच कळवून नवा बसवून घ्या.

सगळं करूनही काही जोड्या जुळत नाहीत, हे खरं आहे. दुखणं नाही, जागा आहे, चारा आहे, महिनाभर ताटी लावून बघितली, तरी एक दुसरीला जगू देत नाही. तर मग त्या दोघींना कायमचं वेगळं करण्यात काही कमीपणा नाही. पण तेव्हाही बाजार शेवटचा. आधी गटात विचारा. एखादीच्या कळपात दहा-बारा शेळ्या असतील, तिथे ही बिनबोभाट राहील, आणि बदल्यात तिची एखादी शांत पाट तुम्हाला मिळेल. विकायचीच वेळ आली, तर गाभण आहे का हे बघून, वजन करून, दोन ठिकाणी भाव विचारून विका. घेणारीला खरं सांगा की ही जोडीत राहत नाही, कळपात ठेव. आपल्या गावात उद्या तोंड दाखवायचं असतं.

मैत्रिणींनो, शेवटी आजच्या बोलण्यातलं थोडक्यात सांगते, पाठ करून ठेवा. भांडण दिसलं की मध्ये हात नाही, फळी. वेगळ्या केल्या की दोघींचं अंग तपासा, आणि लाळ, आवाज, तोल बघा. मग वहीत तारीख लिहा आणि विचारा, की माज आहे का, व्यायला आली का, बाहेरून आली का, नवीन कुणी आलं का, चारा आणि जागा पुरते का. कारण सापडलं की त्यावर उपाय करा, मध्ये ताटी लावा, आणि माळावर हळूहळू एकत्र आणा. एवढं केल्याशिवाय शेळीची दोरी व्यापाऱ्याच्या हातात द्यायची नाही.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या गोठ्याची जागा आणि गव्हाण मोजून आकडे लिहून आणा. चहा होईपर्यंत आपण ते एकत्र बघू. ज्या ताईंची शेळी व्यायला आली आहे, त्यांनी ताटीसाठी बांबू आजच काढून ठेवा. नमस्कार.